आधी गर्दी काढा: पहिली चित्रकादंबरी करायची रीत

वेगळेपणावर चित्रकादंबरी (ग्राफिक नॉव्हेल) करतो म्हणणारे बहुतेक जण पहिल्या पानावर एक वेगळं पोर काढतात. केस विस्कटलेले, हातात पतंग, डोळे आभाळाकडे. मागे करड्या रंगात एकसारखी माणसं, चेहरे नसलेली. दोन पानांत वाचकाला कळतं की हे पोर चांगलं आणि मागचे सगळे वाईट. पुढची चाळीस पानं मग कशाला वाचायची?

माझं मत असं की ही गोष्ट नायकावर नाही, गर्दीवर उभी राहते. गर्दी जिवंत वाटली तरच तिच्यातून बाजूला होणं अवघड वाटतं. म्हणून खालच्या पायऱ्यांत गर्दीला जास्त जागा दिली आहे आणि नायिकेला कमी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या ज्यांना चित्र काढता येतं पण पुस्तक कधी केलेलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. टॅबलेट नसला तरी चालेल. पेन्सिल, ए-३ कागद, शाई आणि जवळपास एखादं स्कॅनर असलेलं दुकान एवढं पुरे. उदाहरणासाठी एक गोष्ट सोबत रचत जाऊ: ४८ पानं, दोन रंग, थोडी येडी.

पायरी १: गावाचा नियम ठरवा

नायक नंतर. आधी असं गाव शोधा जिथे सगळे एक गोष्ट सारखीच करतात. नियम निवडताना तीन कसोट्या लावा. तो चित्रात दिसला पाहिजे. ऐकून हसू आलं पाहिजे. आणि कधीकाळी त्याला खरंच काही कारण असलं पाहिजे.

तिसरी कसोटी लोक विसरतात. "राजाने हुकूम काढला म्हणून" हे कारण नव्हे, ती पळवाट आहे. आपल्या गल्लीतले कितीतरी रिवाज कुणी हुकूम देऊन सुरू झाले नाहीत. कुणाला तरी एकदा त्यांचा उपयोग झाला आणि पुढच्यांनी ते चालू ठेवले.

विषयासाठी लांब जायची गरज नाही. शहापूर-वडगावचे माग आहेत. सगळ्या गावाने एकाच काठाची साडी नेसायची असा नियम करता येईल. मी मात्र खानापूरची मडकी घेतो, कारण मडकं काढायला सोपं आणि हसवायला त्याहून सोपं.

तर गाव: मडकेवाडी. पाच वर्षं पूर्ण झाली की प्रत्येकाने डोक्यावर मडकं उपडं घालायचं, डोळ्यांपुढे दोन भोकं. कारण? पणजोबांच्या काळात एकदा बोराएवढ्या गारा पडल्या. बाजारातून मडकी घेऊन येणाऱ्यांनी ती डोक्यावर घातली, ते वाचले. तेव्हापासून रिवाज. गारा पुन्हा कधी पडल्या नाहीत. मडकी राहिली.

आता रिवाजातला आनंदही शोधा. मडकेवाडीत नमस्काराऐवजी एकमेकांच्या मडक्यावर टिचकी मारतात. मडकं घेताना आपल्याकडे बायका बोटाच्या गाठीने वाजवून बघतात, तेच. पक्कं भाजलेलं मडकं टण्ण वाजतं, तडा गेलेलं बद्द. सकाळी गावभर टण्ण, टण्ण चालू असतं. ऐकायला छान वाटतं. ते वाचकालाही छान वाटलं पाहिजे, नाहीतर तिथे राहायची इच्छा कुणाला का व्हावी?

आणि तानी पाच वर्षांची होते, तिला मडकं मिळतं, पहिली टिचकी बसते: बद्द.

गोष्टीचं बी एवढंच. तानी बंडखोर नाही. तिला टण्णच वाजायचं आहे.

पायरी २: खानापूरला जाऊन मडकी काढा

फोटो बघून मडकी काढू नका. खानापूरकडची माती आणि तिथले कुंभार दूरवर माहीत आहेत. भांडी आणि कौलं या दोन्हींसाठी त्या तालुक्याचं नाव आहे. सुकायला मांडलेल्या मडक्यांच्या रांगेसमोर वही घेऊन बसा. आधी कुंभारदादांना विचारा, कामाच्या वाटेत बसू नका, आणि निघताना एखादं मडकं विकत घ्या. ते पुढे लागणार आहे.

पहिल्या पानावर रांगेतली सगळी मडकी भरभर काढा. नुसत्या बाह्यरेषा. मग त्याच रांगेतली तीनच निवडा आणि सावकाश काढा. एकाचा काठ किंचित तिरका, दुसऱ्याच्या पोटावर बोटाची खूण, तिसरं भट्टीत एका बाजूने काळवंडलेलं. लांबून एकसारखी दिसणारी रांग जवळून अशी असते. ही नोंद जपून ठेवा; पुस्तकाचा शेवट तिच्यावर बेतायचा आहे.

मडक्याचा काठ म्हणजे लंबवर्तुळ. नजरेच्या पातळीला आला की ती सरळ रेषा होते. नजरेच्या खाली गेला की लंबवर्तुळ फुगत जातं. नवशिके दोन्ही टोकांना कोपरे काढतात. टोकंसुद्धा गोलच हवीत. एक पान नुसती लंबवर्तुळं काढण्यात घालवा. कंटाळा येईल, पण पुढे शेकडो मडकी काढायची आहेत.

येताना घरंही टिपा: जांभ्याच्या भिंती, मंगळुरी कौलांची उतरती छपरं, पावसाळ्यात दाराला बांधलेलं प्लास्टिक. कणकुंबीकडे, जिथे मलप्रभा उगम पावते, तिथला पाऊस एकदा बघितलात तर आभाळाच्या भीतीने चालत आलेल्या रिवाजाची गोष्ट कुणाला खोटी वाटणार नाही.

चेहरा झाकलेला असल्यामुळे भाव कुठे दाखवायचे हा प्रश्न येईल. खांद्यात आणि हातांत. लाजलेलं मडकं, रागावलेलं मडकं, खोटं बोलणारं मडकं अशी दहा-बारा चित्रं करून घ्या. भोकांमागे डोळे काढायचा मोह टाळा. डोळे दिसले की हातांकडे कुणी बघत नाही.

पायरी ३: दडपण कसं काम करतं ते समजून घ्या

इथे थोडं मानसशास्त्र उपयोगी पडतं. अमेरिकेत सॉलोमन अॅश यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला एक साधा प्रयोग केला. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर वेगवेगळ्या लांबीच्या तीन; पहिलीएवढी कुठली ते सांगायचं. उत्तर लहान पोरालाही येईल असं. पण खोलीतले बाकीचे सगळे अॅश यांनीच पढवलेले होते आणि ते ठरवून चुकीचं उत्तर द्यायचे. खऱ्या सहभागी माणसाची पाळी शेवटी-शेवटी यायची. अशा फेऱ्यांमध्ये साधारण एक तृतीयांश उत्तरं गर्दीच्या मागे गेली. एकटं असताना हीच माणसं जवळजवळ चुकत नव्हती.

गोष्ट रचणाऱ्याने यातून तीन गोष्टी घ्याव्यात.

पहिली: कुणी कुणाला धमकावलं नव्हतं. मडकेवाडीतही पाटील, फौजदार, शिक्षा नको. तानीचं मडकं बद्द वाजल्यावर मावशी नुसती थांबते, मान जराशी वाकडी करते आणि पुढे जाते. असं एक पान शंभर फटक्यांपेक्षा जड पडतं.

दुसरी: पढवलेली माणसं तीन झाली की दडपण जवळजवळ पूर्ण बसायचं, त्यापुढे संख्या वाढवून फारसा फरक पडला नाही. चित्रकाराला ही मोठीच सूट आहे. प्रत्येक चौकटीत अख्खं गाव काढू नका. विहिरीवर तीन मडकी वळून बघतायत एवढं पुरे. सगळं गाव फक्त दोनदा दाखवा, सुरुवातीला आणि गारा पडताना. तेव्हा मात्र मनापासून, दोन समोरासमोरच्या पानांवर पसरून.

तिसरी मला सगळ्यांत आवडते. खोलीत आणखी एकाने जरी गर्दीपेक्षा वेगळं उत्तर दिलं, तरी मागे जाणाऱ्यांचं प्रमाण एकदम घसरायचं. तो दुसरा माणूस बरोबर असायचीही गरज नव्हती. त्याचं उत्तर चुकीचं असलं तरी चालायचं. गर्दीपासून वेगळं असलं की पुरे.

म्हणून तानीला सोबती द्या, पण तिच्याशी सहमत असलेला नको. आमच्या गोष्टीत बाळू आहे. त्याचं मडकं फुटलं, नवं घ्यायला पैसे नव्हते, म्हणून तो अॅल्युमिनियमचं पातेलं घालून हिंडतो. त्याचा आवाज: ठणाणा. तानीनेही पातेलंच घालावं असा त्याचा हट्ट. दोघांचं एकाही मुद्द्यावर पटत नाही, पुस्तकभर भांडतात, आणि त्यामुळेच तानी उभी राहते. समजूतदार, शहाणं बोलणारा म्हातारा सोबती काढलात तर पुस्तक भाषण होईल.

एक सावधगिरी खास आपल्या भागासाठी. सीमाभागात "आपण आणि ते" म्हटलं की वाचक आपोआप भाषावादाकडे वळतो. मडक्यांवर झेंडे किंवा पाट्या रंगवू नका. कुणाला त्यातून ते वाचायचं असेल तर तो वाचेलच. तुम्ही बोट दाखवलंत की मडकेवाडी संपली आणि मोर्चा सुरू झाला.

पायरी ४: शेवट आधी लिहा

दोन शेवट चटकन सुचतील. दोन्ही टाळा.

एक, सगळे आपापली मडकी फोडतात. दिसायला जोरदार, पण सगळ्यांनी मिळून एकाच वेळी मडकी फोडणं हाही गावाचा नवा नियमच झाला. तेव्हा ज्याला मडकं ठेवायचं असेल त्याचं काय?

दोन, गारा येतात, तानीच्या बद्द आवाजाने गाव वाचतं, सगळे तिला डोक्यावर घेतात. हा शेवट लहान मुलांच्या पुस्तकांत फार दिसतो आणि मला तो टोचतो. वेगळ्या माणसाने आधी उपयोगी पडून दाखवायचं, मग त्याला जागा, असा त्याचा अर्थ होतो.

आमच्या गोष्टीत गारा पडतात, पण त्यांनी फक्त एक होतं: सगळी मडकी एकदम वाजतात. माणसांच्या टिचक्या एकेक, घाईत, सवयीने मारलेल्या. कुणी नीट ऐकलेलंच नसतं. आता गाव ऐकतं. टण्ण, टंग, टिण्, ठण्ण, टुण्, बद्द, ठणाणा. कुणाचंच कुणासारखं नाही. खानापूरच्या रांगेत टिपलेला तिरका काठ आणि काळवंडलेली बाजू इथे परत येते. दुसऱ्या दिवशी मावशी तानीला टिचकी मारते, आणि मग जरा थांबून स्वतःच्या मडक्यावर मारून बघते. बास.

पायरी ५: पानं मांडा

प्रेसमध्ये पुस्तक १६ पानांच्या फर्म्यांत (दोन्ही बाजूंनी छापून दुमडलेला एक मोठा कागद म्हणजे एक फर्मा) छापलं जातं, म्हणून ४८ पानं म्हणजे तीन फर्मे, एकही पान वाया नाही. पहिली दोन शीर्षक आणि श्रेयासाठी. ३ ते १० गाव आणि रिवाज. ११ ते २० तानीचं मडकं. २१ ते ३४ तिचे उपाय आणि बाळू. ३५ ते ४२ गारा. उरलेली सहा शेवटाला, आणि ती सावकाश.

आधी काडेपेटीएवढी ४८ चित्रं एकाच मोठ्या कागदावर काढा. डावं-उजवं पान जोडीने. आपल्याकडे पान उलटल्यावर आधी डावं, म्हणजे सम क्रमांकाचं पान दिसतं. धक्का द्यायचा तर तो तिथे. पान ३५ वर आभाळ काळवंडतं, वाचक पान उलटतो, ३६-३७ वर गारा. ही युक्ती जुनी आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी एकेक पान समोर धरून गोष्ट सांगत आले आहेत. पुढचं पान कधी काढायचं हे त्यांच्या हातात असतं. तुमच्या पुस्तकात ते वाचकाच्या बोटात आहे, एवढाच फरक.

एका पानावर चार ते सहा चौकटी. गावाच्या पानांवर सगळ्या चौकटी एका मापाच्या, जाळीसारख्या. तानी आली की एखादीची कड किंचित तिरकी होते. हे वाचकाला सांगू नका. त्याच्या नजरेला आपोआप जाणवतं.

ही छोटी चित्रं झाली की एखाद्या दहा-बारा वर्षांच्या पोराला दाखवा आणि त्याच्या बोटाकडे बघा. बोट चुकीच्या चौकटीकडे गेलं तर मांडणी बदला. "आवडलं का?" असं विचारू नका, आपली पोरं भिडस्त, ती होच म्हणतात.

पायरी ६: फुगे आणि अक्षरं

फुगा म्हणजे पात्राचं बोलणं लिहायची जागा. मराठी फुग्याला इंग्रजी फुग्याचं माप लावलं की मात्रा आणि उकार एकमेकांत अडकतात. दोन ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपट ठेवा. छापील आकार ९ ते १० पॉइंटच्या खाली नको. शिरोरेषेमुळे ओळ वरून सपाट दिसते, म्हणून अंडाकृती फुग्यापेक्षा गोल कोपऱ्यांचा चौकोनी फुगा आपल्या लिपीला जास्त शोभतो. एका फुग्यात वीस-पंचवीस शब्दांपेक्षा जास्त आलं तर फुगा दोन करा, किंवा बोलणं कमी करा. दुसरं बरं.

आपल्याकडे मोठी-लहान लिपी नाही, त्यामुळे ओरडणं जाडीने आणि आकाराने दाखवावं लागतं. तिरकी केलेली देवनागरी मला तरी बघवत नाही.

निवेदन प्रमाण मराठीत चालेल, पण फुग्यांत आपलं बोलणं येऊ द्या:

"काय गे तानी, आज बद्द वाजलीस?"
"कालबी बद्दच की मावशी. तू ऐकलं नाहीस."

पुण्यातला वाचक एखाद्या शब्दाला अडखळेल. अडखळू दे.

आता अक्षरांची खरी गंमत. पुस्तकाच्या सुरुवातीला गावाचे सगळे "टण्ण" एकाच संगणकीय टाइपमध्ये, एकाच आकारात लावा. बलू, मुक्ता, कलम हे मोफत टाइप खुल्या परवान्याचे आहेत, विक्रीच्या पुस्तकातही वापरता येतात. शेवटच्या आठ-दहा पानांवर मात्र प्रत्येक आवाज हाताने काढा, प्रत्येक वेगळा. गर्दी कशी उलगडली हे सांगायला मग एकही वाक्य लागत नाही.

मधल्या भागात तानी टिचकी पडताच तोंडानेच "टण्ण!" म्हणते. इतरांचा आवाज मडक्याशेजारी हवेत लिहिलेला, तिचा मात्र शेपटीवाल्या फुग्यात. वाचक हसतो, गावाला पत्ता नसतो. असा विनोद फक्त चित्रकादंबरीतच जमतो, म्हणून त्याला पूर्ण पान द्या.

मजकूर युनिकोडमध्येच (सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी अक्षरपद्धत) टाइप करा. बऱ्याच प्रेसमध्ये अजून जुने, युनिकोडच्या आधीचे टाइप चालतात आणि बदलताना जोडाक्षरं फुटतात. अंतिम पीडीएफमध्ये टाइप समाविष्ट करा किंवा अक्षरांच्या बाह्यरेषा करून द्या. संगणकावर फुगे लावायला इंकस्केप मोफत आहे आणि देवनागरी नीट जोडतं.

पायरी ७: शाई आणि स्कॅन

पुस्तक डेमी आकाराचं, साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच. मूळ चित्र दीडपट काढा, सव्वाआठ बाय पावणेतेरा. ए-३ कागदावर आरामात बसतं. लहान झाल्यावर रेघ घट्ट दिसते. कागद दीडशे ते दोनशे जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कार्ट्रिज, म्हणजे चित्रकलेचा जाड कागद. शाई पाण्याने न पसरणारी. मडक्यांना ब्रश, घरांना टाक किंवा फाइन लायनर.

फोनने फोटो काढू नका, कडा वाकतात. ए-३ स्कॅनरवर ६०० डीपीआयला (एका इंचात ६०० ठिपके) करड्या छटेत स्कॅन करून मग शुद्ध काळं-पांढरं करा. कागदाच्या कडेपर्यंत जाणाऱ्या चित्रांना चारी बाजूंनी ३ मिलिमीटर जास्तीचं चित्र ठेवा, नाहीतर कापताना पांढरी पट्टी राहते.

पायरी ८: दोन रंग, दोन भाषा

चार रंगांची छपाई महाग आणि इथे अनावश्यक. काळा आणि एक विटकरी, जांभ्याच्या जवळचा. विटकरीचीच ३० टक्के छटा वापरली की तिसरा रंग असल्यासारखं वाटतं. प्रेसवाल्याला रंगाचा नमुना द्यायला खानापूरहून आणलेलं मडकं न्या. पडद्यावरचा रंग दाखवून उपयोग नाही.

दोनच रंगांचा दुसरा फायदा बेळगावात विशेष आहे. तेच पुस्तक कन्नडमध्ये काढायचं असेल तर विटकरी प्लेटा (प्रत्येक रंगासाठी वेगळे करावे लागणारे छपाईचे पत्रे) तशाच राहतात, बदलतात फक्त काळ्या. डेमीच्या तीन फर्म्यांच्या सहा बाजू, म्हणजे साधारण सहा नव्या प्लेटा. यासाठी सुरुवातीपासून तीन पथ्यं पाळा. सगळी अक्षरं, आवाजांसकट, वेगळ्या थरावर. अक्षरं शंभर टक्के काळी, रंगीत अजिबात नाहीत. आणि फुग्यांत पाव भाग जागा मोकळी, कारण कन्नड अक्षरं रुंद असतात आणि त्यांची जोडाक्षरं ओळीखाली लोंबतात. टण्णला कन्नडमध्ये काय म्हणायचं ते शेजारच्या अक्कांना विचारा, आणि तो भाग त्यांच्याच हाताने लिहून घेता आला तर उत्तम.

मराठी आवृत्तीत बाजाराच्या पानावर एखादं पात्र कन्नड बोलत असेल तर त्याचा फुगा कन्नड लिपीतच ठेवा, खाली अर्थ देऊ नका. खरेदी-विक्री चित्रातून कळते. कन्नड आवृत्तीत याच्या उलट.

कागद शंभर जीएसएमचा मॅपलिथो (पुस्तकांचा साधा, चकाकी नसलेला कागद), मुखपृष्ठ अडीचशे ते तीनशेचं आर्ट कार्ड. ४८ पानांना मधली पिन पुरते. प्रती शंभर-दोनशेच हव्या असतील तर डिजिटल छपाई घ्या. पाचशेच्या पुढे ऑफसेट, म्हणजे प्लेटांवरची छपाई, परवडतं. छापायला सांगण्याआधी एक पूर्ण प्रत घरच्या प्रिंटरवर काढून, दुमडून, पिना मारून उलटून बघा. ३५ नंतर खरंच ३६ उलटूनच येतंय ना?

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन अर्ज करून मिळतो, त्याला शुल्क नाही. १९५४ च्या कायद्यानुसार कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि इतर तीन ग्रंथालयांना प्रकाशनानंतर तीस दिवसांत प्रत पाठवावी लागते. टपालखर्च हिशेबात धरा.

विक्रीसाठी हिवाळा धरा. कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांच्या साहित्य संमेलनांत पुस्तकांची विक्री होते आणि तिथे शाळेची पोरं घोळक्याने येतात. टेबलावर पुस्तकाशेजारी खरं मडकं उपडं ठेवा. पोरं आधी त्यालाच टिचकी मारतील, पुस्तक मग उघडतील.